झाडे लावली, झाडांखालचे काय?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जुलै उजाडला की वनमहोत्सवाची लगबग सुरू होते. १९५० साली कन्हैयालाल मुन्शी यांनी सुरू केलेला हा उपक्रम आता इतका अंगवळणी पडला आहे, की खड्डे किती आणि रोपे किती, एवढाच हिशेब आपण विचारतो. २०१७ ते २०१९ या तीन पावसाळ्यांत राज्यात ५० कोटी वृक्षलागवडीचा संकल्प झाला, त्यांपैकी ३३ कोटींचे उद्दिष्ट एकट्या २०१९ सालचे होते. त्यातली किती झाडे जगली हा वाद वेगळा. परंतु या सगळ्या हिशेबात झाडाखालच्या जमिनीचा कोठेही उल्लेख नव्हता आणि आजही नसतो, याकडे मला लक्ष वेधायचे आहे.

किनवटच्या सागवानात किंवा गौताळ्याच्या दऱ्यांत मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाल्यानंतर गेल्यास, आठ महिने उघडी पडलेली जमीन कंदवर्गीय वनस्पतींनी भरून गेलेली दिसते. कळलावी, शतावरी, कर्टुले, पांढरी आणि काळी मुसळी, जंगली सुरण, खरपुडी, रानहळद, भुईआमरी (जमिनीवर वाढणारे ऑर्किड) ही सर्व बहुवर्षायू मंडळी. पावसाळ्यात फुलायचे, फळायचे, दिवाळीनंतर पानगळ करून जमिनीखाली निजायचे आणि उन्हाळ्याचा मारा कंदाच्या आधारावर काढायचा, हा त्यांचा क्रम. जेथे वर्षाचा सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास घुटमळतो आणि तोही लहरी असतो, त्या मराठवाड्याच्या बागांना याहून सोयीची वनस्पती शोधूनही सापडणार नाही. तरीही आपल्या रोपवाटिकांत परदेशी शोभेची रोपे रांगेने मिळतात आणि कर्टुल्याचा कंद हवा असेल तर आठवडी बाजारात ओळखीपाळखीने मागावा लागतो.

अडचणीचे मूळ ओळखीत आहे. झाड बाराही महिने उभे असते, त्यामुळे ते कधीही ओळखता येते. ही रोपे मात्र एका वेळी आपला एकच भाग दाखवतात आणि निव्वळ पानावरून किंवा निव्वळ कंदावरून केलेली ओळख हमखास फसते. जंगली सुरणाचे उदाहरण घ्यावे. त्याचा फुलोरा पहिल्या पावसाबरोबर पानाआधीच जमिनीतून वर येतो, त्याच्या दुर्गंधीवर किडे-माश्या जमतात, आणि तो सुकल्यानंतर मग छत्रीसारखे पान उगवते. फुलोरा पाहणारा पानाला ओळखत नाही आणि ऑगस्टमध्ये पान पाहणाऱ्याला त्याला कधी फूल येत असेल यावर विश्वास बसत नाही. काळ्या मुसळीची पिवळी फुले जमिनीलगत उमलतात, परंतु तिचे फळ पानांच्या बुडख्यात, जवळजवळ मातीतच दडलेले असते; ते बोटांनी चाचपून शोधावे लागते. फळ दिसत नाही म्हणून तिला फळच धरत नाही असे सांगणारे जाणकारही मला भेटले आहेत.

वेलींच्या बाबतीत गोंधळ अधिक. कर्टुले, तोंडली आणि शिवलिंगी हे तिन्ही काकडीच्या कुळातले वेल कोवळेपणी कुंपणावर एकमेकांत मिसळून जातात. ताणा, म्हणजे आधाराला गुंडाळणारा वेलाचा तंतू, पाहिल्यास शिवलिंगी लगेच वेगळी काढता येते, कारण तिचा ताणा दुभंगलेला असतो, तर कर्टुल्याचा आणि तोंडलीचा एकेरी. पुढे फूल आले की उरलेला प्रश्न मिटतो: तोंडलीचे फूल पांढरे, कर्टुल्याचे पिवळे. फळांत तर चुकण्याला जागाच नाही. शिवलिंगीचे गोल फळ पांढऱ्या रेघांचे आणि पिकल्यावर लाल, कर्टुल्याचे मऊ काट्यांचे. पण रोप विकत घेणाऱ्याच्या हाती फळ नसते, पान असते. म्हणून माहीतगाराने लिहिलेली चिठ्ठी रोपासोबत हवी.

कर्टुल्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण फुलासाठी आणि फळासाठी लावायच्या रानवनस्पतींत आपल्या भागाला सर्वांत उपयोगी तेच आहे. श्रावणात त्याचा बाजारभाव काय असतो, हे मंडईत जाणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. त्याचे नर आणि मादी वेल स्वतंत्र असतात आणि फुलावर येईपर्यंत कोणता वेल कोणता हे बाहेरून कळत नाही. नर फुलाखाली टोपीसारखे एक छद, म्हणजे फुलालगतचे लहान पान, असते; मादी फुलाच्या तळाशी इवलेसे काटेरी फळ आधीपासूनच दिसते. बियांची उगवण सावकाश आणि बेभरवशाची असते, शिवाय उगवलेल्यांत नर किती निघतील याचा नेम नाही. त्यामुळे जाणते लोक फुलावर असतानाच वेलाला खूण करून ठेवतात आणि तो सुकल्यावर त्याचा कंद लावतात. आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो, मात्र तो एक हवाच. केवळ माद्या लावून फळाची वाट पाहणारे, किंवा केवळ नर पदरात पडल्याने ‘आमच्या मातीत कर्टुले येतच नाही’ असे ठरवून बसलेले शेतकरी पुष्कळ आहेत. रोपवाटिकेने कंदाच्या पिशवीवर ‘नर’ किंवा ‘मादी’ एवढा एकच शब्द लिहिला तरी ही निराशा टळेल.

कळलावीचा प्रश्न निराळा. पानाच्या टोकालाच ताणा फुटलेला, सहा नागमोडी पाकळ्या मागे वळलेल्या, आधी हिरवट-पिवळे, मग पिवळ्यावर तांबडे आणि शेवटी पूर्ण लाल होणारे फूल, आणि त्यातून काटकोनात बाजूला वळलेली परागवाहिनी, अशी ती फुलावर असताना बालकसुद्धा ओळखेल. तमिळनाडूने तिला राज्यफुलाचा मान दिला आहे आणि तेथे बियांसाठी तिची शेतीही होते. परंतु तिच्या सर्वांगात कोल्चिसीन हे विष आहे, कंदात आणि बियांत विशेष. वेल सुकला की नांगराच्या फाळासारखा वाकडा कंद तेवढा उरतो आणि तो रताळे समजून खाल्ल्याने माणसे दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. तडकलेल्या बोंडातील शेंदरी बिया मुलांना मोहात पाडतात. बागेत ती जरूर लावावी, मी स्वतः लावली आहे. पण ती खाण्याच्या कंदांच्या वाफ्यात नसावी, मुले आणि शेळ्या पोहोचणार नाहीत अशा कुंपणालगत असावी आणि तिच्या पिशवीवर ‘विषारी’ हा शब्द ठळक छापलेला असावा. औषधी वनस्पती म्हणून सरसकट वाटप करणाऱ्यांनी तर हे पथ्य कटाक्षाने पाळायला हवे.

पांढऱ्या मुसळीच्या नावाखाली काय काय विकले जाते, यावर बोलू तेवढे थोडे. औषधी म्हणून लावली जाणारी मुसळी आणि तिच्या बहिणी, सर्वांची फुले पांढरी, सहा पाकळ्यांची, चांदणीसारखी. खात्री करायची तर मुळांकडे पाहावे लागते: खऱ्या पांढऱ्या मुसळीचे कंद बुडख्यालाच जुडीने चिकटलेले असतात, तर तिच्या एका जवळच्या नातलगाचे कंद दोऱ्यासारख्या मुळांच्या टोकाला लोंबतात. हे पाहण्यासाठी रोप उपटण्याची गरज नाही, बाजूची माती हलक्या हाताने सारली तरी पुरे.

लागवडीबद्दल अनुभवाचे दोन शब्द. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि तिच्यात हे कंद सडतात. खड्ड्यात निम्मा मुरूम आणि कुजलेला पालापाचोळा घालून जागा वरंब्यासारखी उंच केली, तर लिंबाखाली किंवा सीताफळीच्या विरळ सावलीत ही मंडळी आनंदाने राहतात. पाने पिवळी पडली की पाणी पूर्ण थांबवावे. बागेतले बहुतेक कंद उन्हाळ्यात कोरडे पडून मरत नाहीत, ठिबकचे पाणी चालू राहिल्यामुळे मरतात. निजलेल्या कंदाच्या जागी काठी रोवून ठेवावी, अन्यथा मे महिन्यातल्या खुरपणीत त्याचे तुकडे होतात. झाडाखालचा पाचोळा पेटवण्याची आपल्याकडची सवयही सोडावी लागेल.

भुईआमरीला मात्र हात लावू नये. तिच्या धुळीएवढ्या बियांत अन्नसाठा नसतो. मातीतल्या विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच त्या रुजतात आणि उपटून आणलेला कंदही बागेत सहसा टिकत नाही. खरपुडीचे कंद गुराखी उकरून खातात म्हणून ती आधीच विरळ झाली आहे. तिचे कंदिलासारखे फूल, ज्याच्या नळीतल्या खाली वळलेल्या केसांमुळे चिलटे काही काळ अडकतात आणि केस सुकल्यावर परागासह सुटतात, जागेवर जाऊनच पाहावे. अभयारण्यातून कंद उपटून आणणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हे हौशी मंडळींना सांगण्याची वेळ आलेली आहे.

यासाठीच रोपवाटिकांनी पुढाकार घ्यायला हवा. शतावरीची पिकलेली लाल फळे, मुसळीची काळी बी, कळलावीची बोंडे ही सारी आश्विन-कार्तिकात हाती येतात. परवानगीने आणि थोडीच गोळा केली तर मूळ रोपाला धक्का लागत नाही. कळलावी बियांपासून फुलायला तीन-चार वर्षे घेते, तेव्हा हे काम एका हंगामाच्या उद्दिष्टात बसणारे नाही, हे मान्य. पण सामाजिक वनीकरण विभागाने मराठवाड्याच्या प्रत्येक जिल्ह्यातील एका रोपवाटिकेत एक सावलीचा वाफा या वनस्पतींसाठी राखून ठेवला, आणि प्रत्येक पिशवीवर स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, फुलण्या-फळण्याचे महिने आणि खाद्य की विषारी एवढा तपशील दिला, तर त्याला वेगळा निधी लागेल असे वाटत नाही. ओळख पक्की करण्यासाठी विद्यापीठातील आणि महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्र विभाग आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी एकाच वाफ्याला आषाढात, भाद्रपदात आणि कार्तिकात भेट देऊन फूल, फळ आणि कंद यांची छायाचित्रे वाफ्याजवळच्या फलकावर लावावीत. ऑगस्टमध्ये कृषी विभाग रानभाज्यांचे महोत्सव भरवतो, तेथे शिजवलेल्या भाजीबरोबर लागवडीचा खात्रीचा कंद विक्रीला ठेवण्यास येत्या पावसाळ्यापासूनच सुरुवात करता येईल.

आपला,
एक वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)