काका, तुमचं ते ओलं फडकं अजून आमच्याकडेच आहे

काका, नमस्कार. यंदाच्या गव्हाबद्दल फोनवर थँक्यू म्हटलं तर "अगं, त्यात काय" म्हणून तुम्ही फोनच ठेवलात, म्हणून आता सगळ्यांसमोर इथेच लिहितेय.

बाबा गेले आणि सांवेरकडची शेती माझ्या गळ्यात आली. मी पडले इंदूरच्या रामबागेत वाढलेली, गहू फक्त पिठाच्या डब्यात ओळखणारी. मागच्या वर्षी एका दुकानदाराने गव्हासाठी म्हणून कल्चरची, म्हणजे बियाण्याला चोळायच्या जिवाणूंची, पाकिटं दिली, ती निघाली रायझोबियमची! म्हणजे हरभरा-सोयाबीनच्या मुळांवर गाठी करणारं, गव्हाला त्याचा काय उपयोग, आणि तीसुद्धा पत्र्याच्या शेडमध्ये तापत पडलेली. विचारायला गेले तर म्हणे, "अरे मैडम, ये बैक्टेरिया-वैक्टेरिया छोड़ो, एक-एक बोरी यूरिया और डाल दो." टाकला. गहू असा तरारला की शेजारचे बघायला आले, आणि ओंब्या भरत असताना एका वाऱ्यात सगळा आडवा.

यंदा नोव्हेंबरात तुम्ही अ‍ॅझोटोबॅक्टर घेऊन आलात, गव्हाला चालणारे, हवेतलं नत्र पकडणारे जिवाणू. गुळाचं पाणी, बियाण्याला चोळणं, सावलीत सुकवणं, ते सगळं इथे लिहीत बसत नाही. मला आठवतं ते वेगळंच. स्कूटरच्या हँडलला तुमचा जेवणाचा डबा उघडाच उन्हात लटकत होता, आणि डब्याच्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली माझी पाकिटं! मी हसले, तर म्हणालात, "भाजी तापली तर तापली. हे जिवंत आहेत, उन्हाने मरतात."

खोटी आशाही नाही लावलीत. जिवाणू आले म्हणजे यूरियाला सुट्टी नाही, पाव हिस्सा कमी करून बघू, आणि उरलेला एकदम ओतायचा नाही, थोडा पेरणीला, थोडा एकविसाव्या दिवशीच्या पाण्याला. ४५ किलोच्या बोरीत नत्र जेमतेम २१ किलो असतं हेही तेव्हाच कळलं. आणि यूरिया फार झाला की हे जिवाणूही आळशी होतात म्हणे, आयतं मिळतंय तर हवेतलं नत्र कोण पकडत बसेल. (आमच्या घरात पण असे एक-दोन आहेत, असो.)

गहू शेवटपर्यंत उभा राहिला काका, आणि पोती काही कमी नाही भरली.

हिला काही कळत नाही हे कळल्यावर माल खपवणारे खूप भेटले. बांधावर उकिडवं बसून, तेच तेच तीनदा न चिडता सांगणारे तुम्ही एकटेच.

फडकं धुऊन ठेवलंय. रविवारी येते, सोबत नव्या गव्हाचं पाच किलो पीठ. आणि "त्यात काय" म्हणायचं नाही.