शेपटी धरून उभे राहिलात, मामा

मामा, नमस्कार.

गेल्या महिन्याअखेरीस तुम्ही जनावरांच्या दवाखान्यातून सेवानिवृत्त झालात, हे मला दवाखान्यासमोरच्या चहावाल्याकडून कळलं. शाल-श्रीफळ झालं, चार भाषणं झाली, म्हणाला. आधी कळलं असतं तर हातातलं काम टाकून आले असते. त्या भाषणांत तुमच्या नोकरीची वर्षं आली असतील, बदल्या आल्या असतील, सेवापुस्तकावर एक डाग नाही हेही कोणी म्हटलं असेल. माझी गोष्ट आली नसणार. ती तुम्ही कोणाला सांगितलेली नाही आणि मीही आजवर धड बोलले नाही. तेवढ्यासाठी हे पत्र. चारचौघांनी वाचावं म्हणून उघड लिहिते आहे.

मी कुठून आले ते तुम्हाला ठाऊक आहे, वाचणाऱ्यांसाठी सांगते. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या दोन खोल्या. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची. दावणीला जनावर आमच्या घरात कधी नव्हतंच. आजीची एक शेळी होती, तेवढीच. कोणीतरी लग्नातला उरलेला भात पातेलंभर तिच्यापुढे ओतला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती गेली. एवढा भात एकदम पोटात गेला की तो आंबतो, पोटातलं आम्ल वाढतं आणि ते रक्तात उतरतं, हे मला फार पुढे पुस्तकात कळलं. त्या दिवशी फक्त एवढंच कळलं होतं की शेळीला काय झालंय हे सांगणारं गल्लीत कोणी नाही. दहावीनंतर महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या पशुसंवर्धन पदविकेला नाव घातलं ते त्या शेळीमुळे. नातेवाइकांनी विचारलं, ‘शेण काढायलाबी आता कॉलेज लागतंय होय?’ आईने उत्तर दिलं नाही, फी भरली.

प्रात्यक्षिकासाठी मला आधी ज्या दवाखान्यात पाठवलं त्याचं नाव घेत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती. वाईट असती तर मी भांडले तरी असते. २०२२ चा पावसाळा सरत आला होता आणि लम्पीने गावंच्या गावं धास्तावली होती. गायीबैलांना शेळ्यांच्या देवीची लस टोचणं चाललं होतं, कारण दोन्ही विषाणू एकाच घराण्यातले. माझ्याबरोबरची मुलं सकाळपासून सिरिंज घेऊन गोठ्यांतून फिरायची. माझ्याकडे बर्फाची पेटी आणि वही. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर लिहायचा, मालकाचं नाव लिहायचं, पुढे चालायचं. एकदा म्हटलं, मी टोचते. तर उत्तर आलं, ‘लाथ बसली तर तुझ्या बापाला काय सांगायचं?’ काळजीनेच म्हणाले ते. पण त्या काळजीत माझा आख्खा महिना गेला.

कृत्रिम रेतनाला, म्हणजे साठवलेलं वीर्य जनावराच्या गर्भाशयात सोडण्याच्या कामाला, तर त्याहून वाईट. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून गुदद्वारातून हात आत घातला, आत नुसता ऊबदार अंधार, हाताला काय लागतंय याचा पत्ता नाही, तोच मागून आवाज, ‘सरक, जनावराला त्रास होतोय.’ मी सरकायची. ते दोन मिनिटांत काम उरकायचे आणि मालक त्यांच्याकडे बघून हसायचा. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही. माझ्या प्रात्यक्षिक वहीत मात्र सगळ्या रकान्यांत सह्या होत्या. वहीच्या हिशेबाने मला रेतन येत होतं. रात्री खोलीवर बसून ती वही बघताना मला खरोखर रडू यायचं. हे आपल्याला जमणारं काम नव्हे, असं मी स्वतःशी जवळजवळ ठरवून टाकलं होतं.

अशा अवस्थेत मी तुमच्याकडे आले. दिवाळी होऊन गेली होती, म्हशींच्या माजाचे दिवस. पहिल्या दिवशी तुम्ही मला एकच प्रश्न विचारलात, घरी कोण कोण काय करतं. मी सांगितलं. तुम्ही ‘बरं’ म्हणालात आणि जखमेच्या ड्रेसिंगचा ट्रे माझ्या हातात दिलात. तो मागून घेतला नाहीत.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती पंढरपुरी म्हैस आली. तिची शिंगं आठवतात? तलवारीसारखी मागे पार खांद्याच्या पलीकडे गेलेली, त्यामुळे खोड्यात, म्हणजे जनावर अडकवायच्या चौकटीत, तिचं डोकं बसवायलाच दोन माणसं लागली. मालक पहाटे उठून चालत आला होता. म्हैस रात्री एकदाच ओरडली होती आणि थोडा सोट, माजातला चिकट स्राव, दिसला होता. म्हशीचा माज असाच मुका असतो, चुकला की २१ दिवस बसून राहा. त्याची घाई मला समजत होती. डॉक्टरसाहेब म्हणाले, ‘हिला करू दे, मी इथंच आहे.’ मालकाने माझ्याकडे पाहिलं, मग तुमच्याकडे, आणि म्हणाला, ‘मामा, तुम्हीच घाला की हात.’

तुमचा तो अधिकार नव्हता, हे तुम्ही आयुष्यभर पाळलंत. व्रणोपचारकाचं, म्हणजे जखमांची मलमपट्टी करणाऱ्याचं, काम कुठे संपतं ते तुम्हाला पाठ होतं. पण तुम्ही त्याला कायदा सांगितला नाहीत. म्हशीच्या मागे जाऊन तिची शेपटी हातात घेतलीत, बाजूला धरलीत आणि म्हणालात, ‘माझ्या हातात शेपटी हाय. हात पोरीचा.’

एवढंच. पण मला त्या वाक्याने काय दिलं ते मी तुम्हाला आज सांगते आहे. मागून कोणी ‘सरक’ म्हणणार नाही, ही खात्री दिली. अडीच महिन्यांत पहिल्यांदा माझ्या पाठीवरचा तो ताण गेला आणि हात हलका झाला.

पहिल्या वेळी काही सापडलं नाही. म्हशीने कळ दिली आणि कोपरापासून पुढचा हात असा आवळला गेला की बोटं बधिर झाली. मी जोर करायला गेले. तुम्ही हळूच म्हणालात, ‘थांब. कळ जाऊ दे.’ मी थांबले. पुढच्या वेळी कळ यायच्या आधीच तुम्ही म्हणालात, ‘आली.’ आणि खरोखर आली. शेपटी हातात असलेल्या माणसाला ती आधी कळते, बुडाशी ताठरते, हे कुठल्या पुस्तकात मी वाचलेलं नाही. तुम्ही शेपटी पिळली नाहीत, ओढली नाहीत. दुसऱ्या हाताने तिच्या बुडाशी खाजवत राहिलात आणि म्हैस सैल पडत गेली.

दोनदा मी हात बाहेर काढला, तिला उसंत दिली. मालक चुळबुळत होता, पुन्हा तुमच्याकडे बघत होता. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंच नाहीत. मी रडकुंडीला आले होते. तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘पोरी, तुझी आई विडी वळताना बोटांकडं बघती का?’

आई बोलत असते, टीव्ही बघत असते, भांडत असते, आणि बोटं पत्त्यावर तंबाखू पसरून विडी वळत असतात. मी डोळे मिटले. शेण काढून टाकलं, तळहात खाली वळवला, ओटीच्या हाडाच्या कडेने सावकाश चाचपत गेले. आणि ते हाताला लागलं. वर्गात सरांनी कोंबडीच्या मानेची उपमा दिली होती. मला ते धुतलेली चादर पिळताना मधे जो गच्च पीळ पडतो ना, तसं लागलं. आजूबाजूला सगळं मऊ आणि मधे हा पीळ. गर्भाशयाचं मुख. मी ‘सापडलं’ असं एवढ्या जोरात ओरडले की म्हैस दचकली.

मग बाकीचं रीतसर झालं. उणे १९६ अंशाच्या द्रवनत्रातून डॉक्टरसाहेबांनी गोठवलेल्या वीर्याची पाव मिलीची कांडी काढली, ३७ अंशाच्या पाण्यात अर्धा मिनिट धरली, गन, म्हणजे रेतनाची लांब नळी, भरून माझ्या हातात दिली. एकेक वळी ओलांडत गन पुढे सरकली, आतल्या बोटाला तिचं टोक लागलं, आणि मी दट्ट्या अगदी सावकाश दाबला. सगळं मिळून २५ मिनिटं गेली असतील. तुम्ही शेपटी सोडलीत ती मी हात बाहेर काढल्यावर. तुमच्या बाहीवर शेण उडालं होतं, मनगटाला वळ उठला होता. तुम्ही हात धुतलेत आणि पुढच्या बैलाच्या खांद्याची जखम बघायला गेलात. शाबासकीसुद्धा दिली नाहीत. बरं केलंत. शाबासकी दिली असतीत तर मी काहीतरी अचाट केलं असं मला वाटलं असतं. मला त्या दिवशी ते साधं, रोजचं काम वाटायला हवं होतं.

मामा, मी तेव्हापासून माणसं त्या नजरेने बघते. कोणाला काम येत नसताना त्याच्या शेजारी गप्प उभं राहणारी माणसं थोडी असतात. माझा पहिला स्वेटर उसवून न टाकणारी शेजारची काकू तशी होती. एसटीत पैसे मोजताना चुकणाऱ्या म्हातारीला घाई न करणारा मंगळवेढा गाडीचा एक कंडक्टर मी पाहिलाय, तोही तसाच. या माणसांचा कोणी सत्कार करत नाही, कारण त्यांनी केलं काय हे सांगताच येत नाही. ते उभे होते, एवढंच सांगता येतं. आणि ज्या पहिल्या दवाखान्याने माझ्या हातातून काम काढून घेतलं, तिथल्या प्रत्येकाला मी सांगू शकते की त्यांनी मला किती मदत केली, किती धोक्यांतून वाचवलं. ती मदत अजून कधीकधी स्वप्नात येते, मागून ‘सरक’ म्हणते आणि मी जागी होते.

तीन महिन्यांनी ती म्हैस गाभण निघाली तेव्हा डॉक्टरसाहेबांआधी तुमचा फोन आला होता. ‘राहिली,’ एवढंच म्हणून ठेवून दिलात. रेतनापासून बरोबर दहा महिने दहा दिवसांनी, भाद्रपदात ती व्याली, वगार, म्हणजे मादी रेडकू, झाली. पदविका हातात आल्यावर मी गाडीला द्रवनत्राचं पात्र बांधून गावं करायला लागले. आता मोहोळकडची सहा-सात गावं माझ्याकडे आहेत. नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करते, १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा आम्हा पदविकावाल्यांना जेवढी सेवा देऊ देतो तेवढीच देते. औषधाचा मोह होतो कधी, लोक गळ घालतात. तेव्हा तुमचं ते शेपटीमागे उभं राहणं आठवतं.

आणि आता खरी बातमी, जी सांगायला मी दवाखान्यात आले होते आणि तुम्ही भेटला नाहीत. गेल्या आठवड्यात त्याच मालकाचा फोन आला. ती वगार आता भरली, माजावर आली. ‘मॅडम, तुम्हीच या,’ म्हणाला. मी गेले. आईसारखीच शिंगं फेकली आहेत तिने, अंगाने मात्र अजून बारीक. तिला खोडा माहीत नव्हता, बुजत होती. मी हातमोजा चढवेपर्यंत मालकाने स्वतः पुढे होऊन शेपटी धरली, बाजूला घेतली आणि बुडाशी खाजवायला लागला. बोलला काही नाही. काम झाल्यावर तुमची चौकशी केली.

तीन महिन्यांनी तिला तपासायची आहे. तारीख मी वहीत लिहून ठेवली आहे. आदल्या दिवशी फोन करते, सकाळी घ्यायला येते, गाडीवर मागे बसा. आईने शेंगाची चटणी कुटून ठेवलीय तुमच्यासाठी, तिखट कमी घालायला सांगितलंय. वगार गाभण आहे की उलटली, ते तुमच्यासमोरच बघू.

तुमची,
विडीवालीची पोर