एका निवृत्त विमान अभियंत्यास जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आपले नाव कुठेही येऊ नये, ही अट आपण कामाला हात लावण्याआधीच घातली होती आणि ती मी पाळणार आहे. मात्र पत्रच लिहू नये, असे आपण म्हटले नव्हते. त्यामुळे जुहूच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानांच्या शेडमध्ये, उभ्या असलेल्या आमच्या मंडळाच्या जुन्या पायपर सुपर कब या छोट्या विमानाच्या चाकांना नव्या बंजी, म्हणजे धक्का झेलणारी रबरी कडी, बसवून देण्यासाठी आपण जे कष्ट घेतले, त्याबद्दल चारचौघांत आभार मानण्याची मोकळीक मी घेत आहे. आभार नेमके कशाचे, हे इतर वाचकांनाही कळावे म्हणून आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टी येथे पुन्हा लिहीत आहे. त्याबद्दल राग नसावा.

सुपर कब १९४९ पासून बनू लागले, आणि चाकांना बसणारा धक्का झेलण्यासाठी त्यात जी योजना आहे ती त्याहूनही जुन्या वळणाची आहे. पहिल्या महायुद्धातली कित्येक विमाने आपल्या चाकांचा आस रबरी दोरीने बांधूनच उतरत असत. कबमध्ये दोन्ही बाजूंचे इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे पाय विमानाच्या पोटाच्या कडेला बिजागरीवर टांगलेले असतात. प्रत्येक चाकाजवळून एक दांडी तिरकी वर जाऊन पोटाच्या मध्यभागी जोडलेली असते, आणि ही दांडी एकात एक सरकणाऱ्या दोन भागांची असते. विमान जमिनीवर टेकले की पाय बाहेर फाकू पाहतात, दांडी लांबू पाहते, आणि तिच्या दोन्ही भागांना वेढून बसवलेली रबरी कडी तिला आवरून धरतात. हीच ती बंजी. आत नैसर्गिक रबराच्या असंख्य ताणलेल्या तारा आणि वरून सुती विणीचे वेष्टण, एवढाच तिचा संसार. तेल नाही, सील नाही, गळती नाही. त्यामुळे ती हलकी आणि स्वस्त असते. पण रबर म्हातारे होते, आणि ते वेष्टणाच्या आत होत असल्याने बाहेरून पटकन दिसत नाही. बंजी तुटलीच तर पाय एकदम फाकून नाकावरचा पंखा (प्रोपेलर) जमिनीला लागू नये म्हणून सोबत पोलादी तार असते. परंतु ती तार शेवटचा आधार आहे, तिच्या भरवशावर विमान उडवायचे नसते, हे आपण आम्हाला पहिल्याच दिवशी बजावले होते.

आमचे विमान डावीकडे किंचित झुकून उभे राहू लागले होते आणि बंजी बदलायच्या, हे मंडळात जवळपास ठरलेही होते. आपण आलात आणि बंजींकडे वळण्याआधी दोन्ही टायरांतली हवा मोजायला सांगितलीत. त्यानंतर दोन्ही पंखांतल्या टाक्यांमध्ये इंधन किती आहे ते पाहिले, कारण एका टाकीत अधिक इंधन असले तरी तो पंख खाली येतो. मग आम्हाला विमान ढकलून पूर्ण उलट्या दिशेला उभे करायला लावलेत. हँगरच्या फरशीला उतार असेल तर झुकाव बाजू बदलेल, एवढी साधी ती युक्ती होती. झुकाव डावीकडेच राहिला. तेव्हा कुठे आपण खाली वाकून कातडी आवरण सोडलेत आणि बंजीच्या वेष्टणावरून अंगठा फिरवलात. सूत फुगलेले होते, विण सैल पडली होती, आणि अंगठ्याला तेल लागले.

या तेलाचा माग ज्या प्रकारे आपण घेतलात, त्यासाठी खरे तर स्वतंत्र पत्र लिहायला हवे. बहुतेक जणांनी नवी बंजी बसवून विषय संपवला असता. आपण विचारलेत, हे तेल येथवर आले कसे? बंजी इंजिनाच्या मागे, पोटाखाली असतात, आणि इंजिनाच्या ब्रीदर नळीतून, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, बाहेर पडणारे तेलाचे तुषार वाऱ्याबरोबर पोटावरून मागे वाहत जातात. तेलाची पातळी पूर्ण खुणेपर्यंत भरली की इंजिन वरचे तेल याच नळीतून बाहेर फेकते, हे वैमानिकांना माहीत असते; पण ते तेल पुढे जाऊन कोणत्या रबरावर बसते, याचा विचार कोणी करत नाही. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते आणि मऊ पडते. आपण काउलिंग, म्हणजे इंजिनावरचे झाकण, उघडून सांधे पुसून घेतले, इंजिन चालवून पुन्हा पाहिले, आणि डाव्या बाजूचे एक गॅस्केट, म्हणजे सांधा घट्ट बंद ठेवणारी पट्टी, झिरपत असल्याचे दाखवलेत. गॅस्केट बदलून नळीचे तोंड थोडे बाजूला वळवल्याशिवाय नवी बंजी खोक्यातून काढायची नाही, हा आपला हुकूम होता. आमच्यातल्या काहींना तो अतिरेक वाटला. मला वाटला नाही, आणि आजही वाटत नाही.

नव्या बंजींच्या बाबतीतही आपला डोळा कामी आला. पुरवठादाराकडून चार कडी आली, प्रत्येक बाजूला दोन याप्रमाणे. चारही एकाच आकाराची, चारही कोरी दिसणारी. आपण ती खिडकीजवळ नेऊन वेष्टणात विणलेले रंगीत धागे पाहिलेत. दोन सारख्या रंगाचे धागे कोणत्या वर्षी बंजी बनली ते सांगतात आणि एक वेगळा धागा वर्षाची तिमाही सांगतो, हे आम्हाला तेव्हा कळले. वर्षाचे रंग पाच आहेत आणि ते पाच वर्षांनी फिरून येतात, त्यामुळे दोन हिरवे धागे २०२१ चे असू शकतात तसे २०१६ चेही. एका जोडीचे धागे दुसऱ्या जोडीशी जुळत नव्हते. आपण सोबतची कागदपत्रे मागवलीत, तारखा लावून पाहिल्यात आणि जुनी निघालेली जोडी शांतपणे बाजूला ठेवलीत. एका पायाला तरुण रबर आणि दुसऱ्याला म्हातारे रबर लावले, तर आज सरळ उभे केलेले विमान काही महिन्यांत पुन्हा वाकडे होणार, हे आपले कारण होते. पुरवठादाराने ती जोडी बदलून दिली. तोवर चांगली जोडी कॉम्प्रेसरजवळच्या कपाटात ठेवू नका, विजेच्या मोटारीच्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो आणि त्याने रबराला चिरा जातात, हेही आपण सांगितलेत. आमचे हँगर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असल्याने खाऱ्या हवेची आणि गंजाची काळजी आम्ही सदैव करत असतो. मोटारीची काळजी करावी हे मात्र ध्यानात आले नव्हते.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. विमान उचलून चाके अधांतरी झाली की बंजीवरचा भार गेला, असा अनेकांचा समज असतो. वजनाचा भार जातो. पण बसवतानाच बंजी ताणून बसवलेली असते आणि तो ताण कायम राहतो. चाकूने कापून टाकण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, हे आपण स्वतःच सांगितलेत आणि ती येथे चालणार नाही, हेही त्याच दमात सांगितलेत. ताणातली बंजी कापली की तिची टोके कोणाच्या तोंडावर येतील ते सांगता येत नाही, आणि पाते सटकले तर दांडीच्या नळीवर चरा पडतो, जो पुढे जाऊन भेगेचे मूळ ठरतो. साकीनाक्याच्या एका गाळ्यात लेथवर करून घेतलेले, लांब आट्यांच्या स्क्रूचे ताणयंत्र आपण पिशवीतून काढलेत तेव्हा ते पाहून आमच्या तरुण मेकॅनिकचे डोळे चमकले. दांडी विमानावरून उतरवून बाकावर घट्ट धरली, स्क्रू फिरवत कडे हळूहळू ताणले, आणि ते खुंटीवरून सुटे होईपर्यंत त्याच्या रेषेत कोणीही उभे राहायचे नाही, असा दंडक घातला. चष्मा लावल्याशिवाय आपण कोणालाही बाकाजवळ येऊ दिले नाहीत, चहा घेऊन आलेल्या पोऱ्यालासुद्धा.

दांड्या सुट्या झाल्यावर आपण बोल्ट एका पांढऱ्या कापडावर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडलेत. एका बिजागरीच्या बोल्टला मधोमध नखाला जाणवेल अशी खाच पडली होती. तो आणि त्याचा जोडीदार, दोन्ही बदलले. वेल्डच्या जागा रंग खरवडून, आरसा आणि बॅटरी घेऊन पाहिल्या. नळ्यांची खालची टोके, जेथे पाणी साठून आतून गंज धरतो, ती विशेष बारकाईने पाहिली. पोलादी तारेचे पदर कापडाने चोळून एखादा पदर तुटून कापडाला अडकतो का, तेही तपासले. नवी कडी चढवताना ती सरकावीत म्हणून आपण टाल्कम पावडर वापरलीत. ग्रीसचा डबा हातात घेऊन तयार असलेल्या आमच्या एका सभासदाकडे आपण फक्त पाहिलेत. तो डबा पुन्हा जागेवर गेला.

विमान खाली उतरवल्यावर ते विलक्षण उंच आणि पाय जवळ घेतलेले दिसू लागले, तेव्हा आमच्यातले काही घाबरले. जॅकवरून उतरवलेल्या विमानाचे टायर जागच्या जागी फरशीला धरून राहतात, त्यामुळे पाय फाकत नाहीत. विमान पुढे-मागे ढकलल्याशिवाय खरी उंची मिळत नाही. ढकलले, पाय बसले, आणि तरीही ते पूर्वीपेक्षा उंच राहिले, कारण नवी बंजी कडक असते आणि काही उतरणी झाल्यावर थोडी सैलावते. दोन्ही पंखांच्या टोकांची जमिनीपासून उंची आपण मोजून घेतलीत आणि ती नोंदवहीत लिहायला लावलीत. दोन्हींत आता बोटभरही फरक नाही.

एका बाबतीत मात्र मी आपल्याशी सहमत नाही, आणि आभारपत्रातही ते लिहिण्याची मुभा आपण द्याल असे वाटते. बंजीवरचे कातडी आवरण काढून टाकावे, म्हणजे वेष्टण रोज डोळ्यांसमोर राहील, असे आपले मत आहे. जे दिसत नाही ते तपासले जात नाही, हा त्यामागचा युक्तिवाद मला मान्य आहे. परंतु मुंबईचे एप्रिल-मेचे ऊन आणि त्यामागून येणारा चार महिन्यांचा पाऊस पाहता उघड्या रबराचे आयुष्य कमी होणार, याची मला जास्त भीती वाटते. म्हणून आम्ही मधला मार्ग काढला आहे. आवरण ठेवले आहे, पण शिवणीच्या जागी दोरी ओवून घेतली आहे, ज्यामुळे ते कोणत्याही अवजाराविना क्षणात उघडते, आणि ठरावीक तपासणीच्या यादीत ते उघडण्याचे काम लिहून ठेवले आहे. आपल्याला हे पटणार नाही, याची मला कल्पना आहे.

कागदोपत्री या कामावर आपली सही नाही. आपण निवृत्त आहात आणि परवाना चालू असलेल्या अभियंत्यानेच विमान सेवेत परत देण्याच्या प्रमाणपत्रावर सही करायची असते. ज्या अभियंत्यांनी सही केली, त्यांना आपण प्रत्येक टप्प्यावर बोलावून घेतलेत, खाच पडलेला बोल्ट त्यांच्या हातात दिलात, आणि जे त्यांनी स्वतः पाहिले नाही त्यावर त्यांनी सही करू नये, असा आग्रह धरलात. वयाने आणि अनुभवाने आपण त्यांना कितीतरी वडील. तरीही संपूर्ण काम त्यांच्या अधिकारात चालले आहे, हे आपण एका शब्दानेही विसरू दिले नाहीत. आम्ही देऊ केलेले मानधन आपण नाकारलेत आणि पार्ल्याला घरी सोडण्यासाठी गाडीसुद्धा घेतली नाहीत, रिक्षाने गेलात. त्याची रुखरुख अजून आहे.

या पत्रासोबत आपले ताणयंत्र परत पाठवणार होतो. परंतु आमच्या मेकॅनिकची विनंती आहे की त्याचे माप घेऊन तसेच एक यंत्र हँगरसाठी करून घेण्याची आपण परवानगी द्यावी, आणि स्क्रूचे आटे कोणत्या मापाचे घ्यावेत ते आपणच सांगावे. तोवर ते पुसून, कापडात गुंडाळून, कॉम्प्रेसरपासून दूर ठेवले आहे. पुढच्या तपासणीत पंखांच्या उंचीची मापे पुन्हा घेऊ, तेव्हा ती आपल्याला कळवीनच. सवड असल्यास आपण स्वतः यावे, ही सर्व सभासदांची विनंती आहे.

आपला कृतज्ञ,
मंडळाचा चिटणीस
जुहू, मुंबई