बाबांच्या बुटांविषयी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचा निरोप आईने सांगितला. रोज घालायला मऊ आणि टिकाऊ बूट हवेत, इकडून एक जोडी पाठवावी, नंबर आठ. आईने तर रंगही सांगून टाकला. पण बाबा, मी बूट पाठवणार नाही. दुकानात दिवसभर लोकांच्या पायांची मापं घेते मी, आणि या कामाने एवढं नक्की शिकवलं की पाय समोर असल्याशिवाय बूट निवडायच्या भानगडीत पडू नये. भेट म्हणून घेतलेल्या जोड्या आमच्याकडे फार परत येतात. तुम्ही तर परतही करणार नाही. "लेकीने पाठवलेत" म्हणून चावणारे बूट वर्षभर घालून फिराल आणि कुणाला सांगणारही नाही. तेव्हा बूट तुम्हीच घ्या, कसे घ्यायचे ते मी लिहिते.

आधी त्या आठ नंबराचं बघू. ब्रिटिश मापात एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, साधारण साडेआठ मिलिमीटर. अमेरिकन मापात पायरी तेवढीच, पण मोजणी वेगळ्या ठिकाणाहून सुरू होते, त्यामुळे पुरुषांच्या बुटात ब्रिटिश ८ तिकडे साडेआठ नाहीतर ९ होतो. युरोपात ४२, ४३ असे आकडे, आणि तिथे पायरी सेंटिमीटरच्या दोन तृतीयांश. त्यात गंमत अशी, की हे आकडे तुमच्या पायाचे नसतातच. बूट ज्या साच्यावर चढवून शिवतात किंवा चिकटवतात, त्या साच्याचे ते असतात, आणि साचा प्रत्येक कंपनीचा वेगळा. पायाचीच लांबी मिलिमीटरमध्ये सांगणारी मोंडोपॉइंट नावाची पद्धत आहे, पण ती मुख्यतः स्कीइंगच्या आणि सैन्याच्या बुटांत दिसते. थोडक्यात काय, आठ हा आकडा दुकानदाराला पहिला डबा कुठला काढायचा ते सांगण्यापुरता. त्याच्यावर हट्ट धरू नका. साडेआठ किंवा नऊ बसला तर नऊ घ्या, पाय मोठा निघाला म्हणून काही बिघडत नाही.

शिवाय हा आठ तुम्ही शेवटचा कधी मोजलात? वयाबरोबर पायाचे स्नायुबंध सैल होतात, कमान थोडी खाली बसते आणि पाऊल लांब-रुंद होतं. चाळिशीत घेतलेलं माप साठीनंतर चालेलच असं नाही. आमच्याकडे माप घ्यायला ब्रॅनॉक नावाची धातूची पट्टी आहे. अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉकने ती १९२० च्या दशकात काढली, आजही तशीच वापरतात. टाचेपासून बोटापर्यंतची लांबी, रुंदी, आणि टाचेपासून चवड्याच्या हाडापर्यंतचं अंतर, अशी तीन मापं ती देते. तिसरं माप कुणी बघत नाही, खरं तर तेच महत्त्वाचं. बूट जिथे दुमडतो ती जागा आणि पाऊल जिथे दुमडतं ती जागा एकच असायला हवी. तुमच्याकडे ती पट्टी नसेल तर कागद जमिनीवर ठेवा, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा आणि पेन सरळ धरून आईकडून पाऊल आखून घ्या. स्वतः वाकून आखू नका, वाकलं की पाऊल पसरतं आणि रेष चुकते. दोन्ही पायांचं आखा. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्याहून थोडा मोठा असतो, बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा.

आणि हे सगळं संध्याकाळी. दिवसभरात पाऊल थोडं सुजतं. सकाळी नऊ वाजता छान बसलेला बूट सायंकाळी करकचतो. मोजेही तेच घाला जे रोज घालता.

आता एक युक्ती सांगते, ती मी रोज वापरते. बहुतेक चालायच्या बुटांतला आतला गादीसारखा तळ, इनसोल, बाहेर निघतो. तो काढून जमिनीवर ठेवायचा आणि त्याच्यावर उभं राहायचं. अंगठ्याच्या किंवा सगळ्यात लांब बोटाच्या पुढे बोटभर, म्हणजे साधारण एक सेंटिमीटर जागा उरली पाहिजे आणि पावलाची कड इनसोलच्या बाहेर सांडता कामा नये. परवा एक बाई आल्या. करंगळीला कायमची भोवरी, म्हणून कितीतरी मऊ बूट घेऊन झाले होते त्यांचे. त्यांच्या पायातल्याच बुटाचं इनसोल काढून त्यांना वर उभं केलं, तर करंगळी आख्खी बाहेर! खाली बघून म्हणाल्या, "म्हणजे गेली इतकी वर्षं हे बोट भिंतीला घासतंय?" बूट कितीही मऊ असू दे, अरुंद असेल तर मऊपणाचा काही उपयोग नाही. आणि लक्षात घ्या, रुंदी कमी पडली म्हणून एक नंबर मोठा घेतला तर बूट लांब होतो, टाच आत सरकते आणि मग तिथे फोड येतात. रुंद पायाला रुंद साच्याचाच बूट हवा.

घालून बघताना दुकानात उभे राहू नका, चाला. टाच उचलली जाते का बघा. लेस सुटलेली असताना पाय आत घालून टाच मागे ठोकायची आणि मग लेस बांधायची. उलट केलं की पाय पुढे सरकलेला राहतो आणि बूट खोटा छान वाटतो. उतार असेल तर उतरून बघा, बोटं पुढे आपटतात का ते तिथेच कळतं. "थोडे दिवस घाला, सैल होतील," असं कुणी म्हणालं तर ऐकून घ्या आणि दुसरा डबा मागा. चामडं रुंदीला थोडंफार ताणतं, लांबीला नाही. कृत्रिम कापडाचा बूट तर पहिल्या दिवशी जसा, तसाच शेवटपर्यंत.

मग बूट हातात घ्या. मागे टाचेभोवतीचा कप दोन बोटांनी दाबा, तो लगेच मिटला तर टाच सांभाळली जाणार नाही. पुढचं टोक वर दुमडा: चवड्याच्या जागी दुमडला पाहिजे, मधोमध घडी पडत असेल तर ठेवून द्या. पिळूनही बघा, थोडा पिळला तर हरकत नाही, फडक्यासारखा पिळायला नको. खूप मऊ बूट दुकानात सगळ्यांना आवडतो. पावलात सव्वीस हाडं, त्यांना आधार द्यायचा सोडून नुसत्या मऊ गादीत बुडवलं की तासाभराने पोटऱ्या दुखायला लागतात. माझं मत विचाराल तर रोजच्या बुटाला मध्यम कडकपणाच बरा. पण हे माझं मत, तुमच्या पायाला काय मानवतं ते तुमच्या पायालाच विचारायचं.

टिकाऊपणाचं बोलायचं तर आधी तळाकडे बघायचं. हल्लीच्या बहुतेक हलक्या बुटांत तळाचे दोन थर असतात. जमिनीला टेकतो तो रबराचा, त्याच्या वर फोम. फोम बहुधा ईव्हीए नावाच्या प्लास्टिकचा असतो. हलका, आरामदायी, पण दबत जातो आणि परत फुगत नाही. म्हणून बूट वरून नवा दिसतो आणि आतून मेलेला असतो. धावायच्या बुटांना साधारण पाचशे ते आठशे किलोमीटरचं आयुष्य सांगतात ते याच कारणाने. तुम्ही रोज चार किलोमीटर चालता. त्या हिशेबाने सहा-सात महिन्यांनी फोम तपासायला घ्या. बूट टेबलावर ठेवून मागून बघायचा: एका बाजूला कलला असेल किंवा फोमवर आडव्या सुरकुत्या कायमच्या बसल्या असतील, तर त्याचं काम झालं. टाचेची बाहेरची कड आधी झिजणं मात्र साहजिक आहे, त्याची काळजी नको.

दुसरा फोम पॉलियुरेथेनचा. तो जड असतो, लवकर दबत नाही, म्हणून लोक त्याला टिकाऊ म्हणतात. पण त्याचा एक गुण फार थोड्यांना माहीत असतो. मध्यंतरी एक गृहस्थ आले, पायात जवळजवळ कोरे बूट, समारंभापुरते घालून डब्यात जपलेले. दारापासून काउंटरपर्यंत आले आणि त्यांच्यामागे गालिच्यावर काळ्या चुऱ्याची रांग. त्यांना पत्ताच नाही. बूट उचलला तर टाचेचा तुकडा माझ्या हातात आला आणि बोटाने दाबल्यावर त्याचा भुगा झाला. या फोमच्या काही जाती हवेतल्या ओलाव्याशी रासायनिक क्रिया करतात आणि आतल्या आत तुटत जातात. घाला किंवा घालू नका. उष्ण आणि दमट जागेत हे आणखी लवकर होतं. म्हणजे चांगले बूट "नंतर घालू" म्हणून कपाटात ठेवायचे नाहीत. बाबा, ही तुमची सवय मला ठाऊक आहे. आणि सवलतीत मिळणारा जुना माल घेताना जिभेच्या आतल्या पट्टीवर बनवल्याचा महिना-वर्ष छापलंय का ते बघा.

आता शिवलेला की चिकटवलेला? तळ वरच्या भागाला डिंकाने चिकटवलेला असेल तर बूट हलका आणि लवचिक, पण तळ झिजला की सहसा बूटच जातो. शिवणीच्या बुटांत ब्लेक नावाची एक पद्धत आहे, लायमन ब्लेकने १८५८ साली तिच्या यंत्राचं पेटंट घेतलं. तिच्यात शिवण आतून थेट तळात जाते, त्यामुळे पाणी लवकर शिरतं. दुसरी गुडइयर वेल्ट. बुटाच्या कडेने एक पट्टी शिवतात आणि तळ त्या पट्टीला शिवतात. तळ झिजला तर मोची ती शिवण उसवून नवा तळ लावतो, वरचा भाग तसाच राहतो, चामडं नीट ठेवलं तर वर्षानुवर्षं. मला अशा जोड्या फार आवडतात. पण तुमच्या सकाळच्या चालण्यासाठी मी त्या सुचवणार नाही. जड असतात, सुरुवातीला कडक असतात, आणि दर खेपेला तळ बदलून घ्यायची तयारी लागते. चालायला चिकटवलेलाच घ्या, फक्त तळ आणि वरचा भाग जिथे मिळतात तिथे नखाने जरा ओढून बघा. फट दिसली किंवा डिंक ओघळलेला दिसला तर ती जोडी नको. वरून चामड्यासारखं दिसणारं रेक्झिन असेल तर दुमडतं तिथेच पापुद्रे निघतात. त्यापेक्षा साधं घट्ट विणलेलं जाळीचं कापड चांगलं, निदान हवा तरी लागते.

आणि घ्याल तर दोन जोड्या घ्या, आळीपाळीने घालायला. पाय घामेजतो आणि अस्तरातला ओलावा एका रात्रीत पुरता निघत नाही. रोज तीच जोडी घातली की अस्तर कुजतं, वास येतो, चामडं तडकतं. भिजलेले बूट उन्हात किंवा हीटरजवळ ठेवू नका. इनसोल काढा, आत रद्दी कोंबा, तासाभराने रद्दी बदला, आणि सावलीत वाळू द्या. लेस न सोडता टाचेने टाच दाबून बूट काढणं बंद करा, त्याने मागचा कप मोडतो. शूहॉर्न, म्हणजे टाच आत सरकवायची पट्टी, वापरा.

आईचं वेगळं आहे. तिला साखरेमुळे पायांना मुंग्या येतात म्हणाली होती. पायाची जाणीव कमी झालेल्या माणसाला योग्य मापाचा बूट सैल वाटतो आणि घट्ट असेल तोच "बसला" असं वाटतं. त्यामुळे तिच्या बाबतीत तिचं ऐकू नका, कागदावरच्या मापाचं ऐका. आतून हात फिरवून शिवण टोचत नाही ना ते बघायचं, आणि घालण्याआधी दर वेळी बूट उलटा करून झटकायचा. खडा आत असला तरी तिला कळणार नाही. नवे बूट पहिल्या दिवशी घरातच, तेही थोडाच वेळ. काढल्यावर तळवा नीट बघायचा, कुठे लाल दिसलं तर ती जोडी बदलून आणायची. फोड आलाच तर घरी फोडू नका, डॉक्टरांना दाखवा.

पार्सल येतंय, त्यात मोजे आहेत, जाड बुडाचे, बोटांवर शिवण नसलेले. निळे आईचे. मोजे घालून मगच दुकानात जा आणि जोडी निवडलीत की घेण्याआधी मला तळाचा आणि टाचेचा फोटो पाठवा, मी जागीच असेन.

तुमची,
ताई