रविवारची बैठक : थोडा बदल, थोडी आठवण

सभासदहो, येत्या रविवारची बैठक सकाळी १० ऐवजी साडेदहाला, नेहमीच्याच हॉलमध्ये. विषय तोच : चित्रकार वॉल्टर लँगहॅमर.

गेल्या वेळी दोघा-तिघांनी विचारलं, "हे कोण?" म्हणून थोडक्यात. मूळचे ऑस्ट्रियाचे, जन्म १९०५. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळला. पत्नी केटे ज्यू, म्हणजे राहणं अशक्यच. दोघं मुंबईला आले. पुढे लँगहॅमर 'टाइम्स ऑफ इंडिया'चे आर्ट डायरेक्टर झाले. दिवसा छापखान्याची घाई, उरलेल्या वेळात स्वतःचे कॅनव्हास. नोकरीने पोट भरलं. पण मुंबईच्या चित्रकारांत नाव झालं ते नेपियन सी रोडवरच्या घरामुळे, असं माझं मत. तिथे तरुण पोरांना दार उघडं असे. त्यांत चित्रकार एस. एच. रझा होते, के. एच. आरा होते. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये, म्हणजे मुंबईच्या आधुनिक चित्रकारांच्या गटात, हे दोघेही होते. रंग दबकत लावायचा नाही, हे तिथे समोर बसून बघायला मिळे.

रझांची मुंबईतली सुरुवातीची जलरंग-चित्रं कुणाकडे कॅटलॉगमध्ये असतील तर जरूर आणा. मोबाइलवरचे फोटो नकोत, रंग फसवतात.

प्रोजेक्टरची वायर मागच्या खेपेला कुणीतरी चुकून घरी नेली, ती कृपया परत आणावी. चहा आहे, कप आपापला. येणार असाल तर शुक्रवारपर्यंत इथेच कळवा, खुर्च्या मोजून मागवायच्या आहेत.