बेरियम तपासणीत यंत्राइतकाच लेपही महत्त्वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पचनमार्गाच्या क्ष-किरण तपासणीवरील आपल्या आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. चित्रे अधिक स्पष्ट मिळू लागल्याचे जवळजवळ सारे श्रेय त्यात डिजिटल यंत्रांना दिले आहे. त्यांच्यामुळे, विशेषतः खंडित किरणांच्या फ्लुरोस्कोपीमुळे (म्हणजे किरण सलग न सोडता थांबून-थांबून सोडत पडद्यावर हलते चित्र पाहण्यामुळे), रुग्णाला मिळणारी किरणांची मात्रा घटते हे खरे. परंतु या विभागात काम करणारा तंत्रज्ञ म्हणून मला चित्राचा कस आधी बेरियमच्या लेपावर, म्हणजे रुग्णाला पाजलेल्या बेरियमच्या मिश्रणाचा आतल्या अस्तरावर बसणाऱ्या थरावर, ठरताना दिसतो.

जठर आणि आतडी आजूबाजूच्या मऊ ऊतींइतकेच किरण अडवतात, त्यामुळे ती वेगळी दिसावीत म्हणून आत काहीतरी घालावेच लागते. वॉल्टर कॅनन यांनी मांजरांच्या अन्नात बिस्मथचा क्षार मिसळून जठराच्या हालचाली पाहिल्या व १८९८ मध्ये ती निरीक्षणे प्रसिद्ध केली. पुढे बिस्मथची जागा बेरियम सल्फेटने घेतली. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी असले तरी सल्फेट जवळजवळ विरघळतच नसल्याने शरीरात न शोषले जाता बाहेर पडते.

नुसते बेरियम पोटभर पाजले, तर जठराची बाह्यरेषा दिसते, पण भिंतीवरचा उथळ व्रण त्या पांढऱ्या साठ्यात हरवून जातो. म्हणून दुहेरी छायाभेद पद्धतीत घट्ट बेरियम थोडेच देऊन सोबत वायू निर्माण करणारी भुकटी देतात; जठर फुगते, घड्या उलगडतात आणि अस्तरावर पातळ थर उरतो. तो नीट बसला, तर अस्तरावरची २-३ मिलिमीटरची जाळीदार नक्षीही दिसते. मात्र जठरात पाचकरस साचलेला असेल तर थर तुटक बसतो, बाटली नीट हलवली नसेल तर घट्ट भाग तळाशीच राहतो, आणि बुडबुडे राहिले तर ते मस्शासारखे भासतात. त्यासाठीच मिश्रणात फेसनाशक असते. रुग्णाला टेबलावर कुशीवरून कुशीवर वळवणे आणि ढेकर दाबून धरायला सांगणे (हे सांगायला सोपे, पाळायला अवघड) हेही त्याच कामाचा भाग आहे. घाईच्या दिवशी नेमके हेच आटोपते घेतले जाते, आणि मग दोष यंत्राच्या माथी मारला जातो.

ऊतीचा नमुना घ्यायचा असेल तर एंडोस्कोपीला (दुर्बिणीच्या तपासणीला) पर्याय नाही, आणि आतड्याला छिद्र पडल्याचा संशय असेल तर बेरियम न देता पाण्यात विरघळणारे आयोडीनयुक्त द्रव्य वापरतात. गिळण्यातील दोष किंवा अन्ननलिकेचे अरुंद होणे पाहण्यासाठी मात्र बेरियम तपासणी आजही उपयोगी आहे. तेव्हा रुग्णालयांनी नव्या यंत्राची मागणी करतानाच मिश्रण तयार करण्याचे प्रशिक्षण द्यावे व प्रत्येक तपासणीला पुरेसा वेळ राखून ठेवावा. तसेच उपाशीपोटी येण्याची सूचना रुग्णाला कारणासह लेखी द्यावी.

आपला,
एक क्ष-किरण तंत्रज्ञ