शहाण्णवाचा हिशेब

२६ जून २०११

प्रिय अव्या,

आठ वर्षं झाली. काकूंच्या तेराव्याला आलो, कुणाशी न बोलता जेवलो आणि एसटी पकडली. त्यानंतर दिवाळीची दोन कार्डं, बास. आज लिहितोय कारण हे तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. घरी सगळे ठीक. माझी साखर वाढलीय, गोळी चालू आहे.

२४ एप्रिलच्या रविवारी सत्यसाईबाबा गेल्याची बातमी आली तेव्हा मी शर्टाला इस्त्री करत होतो. २८ मार्चपासून बाबा दवाखान्यातच होते, त्यामुळे धक्का असा नाही बसला. पण पहिल्यांदा काकू आठवल्या. देव्हाऱ्यातला तो केशरी कफनीतला फोटो, आणि काचेवर विभूती दिसली की तू बोटानं पुसून वास घ्यायचास ते.

तासाभरात फोनवर विनोद सुरू झाले. शहाण्णव वर्षं जगणार म्हणाले होते, चौऱ्याऐंशीलाच कसे गेले? अंगठ्या काढणाऱ्याला हवेतून प्राणवायू काढता आला नाही का? पाठवणारे सगळे आपलेच, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतले. वीस वर्षांपूर्वी असले विनोद आपणच केले असते, आणि तुझे जास्त चांगले असते. मला मात्र हसू येईना. टीव्ही लावला तर तिथं वेगळंच. पुट्टपर्तीच्या आश्रमातल्या कुलवंत हॉलमधली काचेची पेटी, स्वतःचा वाढदिवस सोडून आलेला सचिन डोळे पुसतोय, पंतप्रधान आणि सोनिया गांधी येऊन गेले, २७ तारखेला सरकारी इतमामात समाधी. ६ जून १९९३ च्या रात्री बाबांच्याच निवासात सहा माणसं मेली, त्यातली चार पोलिसांच्या गोळ्यांनी, हे मी बघितलं तेवढ्या वेळात कुणी उच्चारलं नाही. तरुण भक्तांवरच्या लैंगिक अत्याचाराचे आरोप बीबीसीनं २००४ साली दाखवले होते. बाबांच्या बाजूनं ते नाकारले गेले, पण कोर्टात कधी तपासलेच गेले नाहीत. तेही नाही. माणूस गेला, आता कशाला, असं जो तो म्हणतोय. मरणानंतर वैर संपतं हे मास्तरांनी आपल्याला शिकवलं खरं, पण ज्यांनी तक्रार केली त्यांचं कुठं वैर होतं? त्यांना फक्त कुणीतरी ऐकून घ्यायला हवं होतं.

आता मूळ गोष्ट. त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे आजोबा खाली आले. हातात कालनिर्णयचं फाडलेलं पान, मागच्या बाजूला पेन्सिलीनं आकडेमोड. म्हणाले, तुम्ही गणिताचे मास्तर, एवढं तपासून द्या. नक्षत्रमास सत्तावीस दिवसांचा, म्हणजे वर्षाचे दिवस ३२४. २३ नोव्हेंबर १९२६ पासून सगळे दिवस त्यांनी मोजले होते, लीप वर्षांसकट. मी ओळीनं भागाकार तपासला. पंच्याण्णव पूर्ण होऊन वर थोडे उरत होते.

"म्हणजे शहाण्णवावं चालू होतं ना?"

मी म्हटलं, भागाकार बरोबर आहे.

त्यांनी पानाची चार वेळा घडी केली, खिशात ठेवली, वरून हात दाबला आणि जिना चढून गेले. आजोबा, आधी सत्तावीस दिवसांचा महिना का धरला ते सांगा, एवढं विचारायचं होतं. विचारलं नाही. दोन महिने तेच डोक्यात आहे. मी दया केली की कच खाल्ली? तुझ्याशी वागलो तेव्हा दयाही नव्हती, म्हणून तर हे जास्त टोचतंय.

आठवतं ना, काकूंच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन बाबांच्या दवाखान्यात झालं आणि तू परत येऊन म्हणालास, "लेका, बिल भरायची खिडकी शोधत फिरलो, खिडकीच नाही." मी लगेच देणग्यांचा हिशेब काढून बसलो. दवाखाना हात फिरवून उभा राहत नाही वगैरे. बरोबरच होतं ते. बाबांच्या ट्रस्टनं अनंतपूरच्या शेकडो गावांना पाणी दिलं तेही लोकांच्या पैशातून. पण तू बिचारा आई वाचल्याचं सांगत होतास. आणि मग २००३ साली त्या गेल्या, तू त्यांच्या कपाळाला त्यांच्याच पुडीतली विभूती लावलीस, आणि मी, अख्खी आळी जमलेली असताना, म्हणालो, "तू सुद्धा?" तू काही बोलला नाहीस. हात धोतराला पुसलेस.

माफ कर रे. त्या दोन शब्दांसाठी.

हवेतून विभूती काढून दाखवायच्या प्रयोगातली ती गोळी कशी करायची हे तुलाच येत होतं. राख पेजेत मळायची, सुकवायची, अंगठ्याच्या बेचक्यात धरायची आणि हात गोल फिरवत चुरडायची. कोरेगावच्या शाळेत घामानं तुझ्या हाताचा चिखल झाला आणि पोरं ओरडली, "बाबा, भस्म ओलं झालं!" परवा ते आठवून एकटाच हसलो. बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू नरसिंहय्या यांनी १९७६ साली चमत्कार तपासायला समिती नेमून बाबांना पत्रं लिहिली आणि उत्तर आलं नाही, हे तू पाठ म्हणायचास. सगळं येऊनही तू विभूती लावलीस. त्या वेळी मला ती गद्दारी वाटली. आता वाटतं, गोळी कशी बनते आणि आई काय होती, दोन्ही तुला एकाच वेळी ठाऊक होतं, मला एकच.

गेल्या आठवड्यात यजुर्मंदिर, म्हणजे बाबांचं राहतं घर, उघडलं. ९८ किलो सोनं, ३०७ किलो चांदी, साडेअकरा कोटींवर रोकड. बाबांचे चमत्कार उघडे पाडणाऱ्या प्रेमानंदांनी हवेतून सोनं काढणं सुवर्ण नियंत्रण कायद्यात बसत नाही म्हणून कोर्टात धाव घेतली होती. आज ते हवे होते. ही सोन्याची बातमी आल्यापासून आजोबा खाली आलेले नाहीत. पोरांनी पुढच्या रविवारी सभा ठेवलीय, मी बोलायचं आहे. त्र्याण्णवचं बोलणार, आरोपांचं बोलणार, सोन्याचा हिशेब मागणार, त्यात माघार नाही. पण आजोबा पहिल्या रांगेत येऊन बसले तर त्यांच्याकडे बघून काय बोलू? तिथं माझी गाडी अडते. तू काय बोलला असतास?

तुझी बदली झाली म्हणे. आणि सोनूचा दहावीचा निकाल लागला असेल, टक्के कळव. वहिनींना नमस्कार. गुडघा कसा आहे?

रविवारच्या आत लिही. फोन करू नकोस, फोनवर मी पुन्हा वाद घालेन.

तुझा,
सुध्या